कंट्रोलरसाहेबांची अडकणारी गाडी

"लेट हाय, रद्द न्हाई."

खिडकीच्या गजावर पेन्सिल दोनदा वाजवायची, समोरच्या प्रवाशाकडे न बघता हे वाक्य टाकायचं आणि पुन्हा माइक तोंडाशी धरायचा. जुन्नरच्या एसटी स्टँडवर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्यांनी ते ऐकलेलंच असणार. एखादी बाई रडकुंडीला आलेली असो की कुणी पुढारी तावातावाने भांडत असो, कंट्रोलरसाहेबांचं उत्तर तेच. नवल म्हणजे लोकांना ते पटायचं. भांडायला आलेला माणूस मुकाट्याने बाकावर जाऊन बसायचा.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलं आहे. सुट्टीत तुम्ही आला होतात तेव्हा भिंतीपलीकडून ओंजळभर बोरं देणारे उंच आजोबा, तेच हे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ते आजोबा अजून बस चालवतात का? मी "नाही" म्हटलं आणि विषय बदलला. अशा गोष्टी मला फोनवर सांगता येत नाहीत. म्हणून लिहिते, आणि क्रमाने लिहिते.

त्यांचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या बाजूला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी शेती धरली, यांनी एसटी. व्हायचं होतं ड्रायव्हर, पण डोळ्यांच्या तपासणीत लाल-हिरवं ओळखता येईना. मग कंडक्टर झाले आणि चढत चढत कंट्रोलर. पण नजर राहिली ती मेंढपाळाचीच. "मॅडम, मेंढरं काय आन् गाड्या काय," ते मला म्हणायचे, "सांजच्याला मोजून आत घ्यायच्या. एक कमी पडली का घास गिळत न्हाई."

घरीही त्यांची तीच भाषा. आंघोळ करून आले की ओसरीवरून आवाज यायचा, "जेवणाची गाडी फलाटावर लागली का?"

आतून वहिनी म्हणायच्या, "कवाच लागलीय! भाकरी थंड व्हाया लागली, ड्रायव्हरच कुठं दिसंना!"

वहिनी बुटक्या, बोलक्या, सतत कामात. भिंतीवरून त्यांच्याकडून माझ्याकडे कढीलिंब यायचा आणि माझ्याकडून त्यांच्याकडे लोणचं जायचं. एकुलती एक मुलगी मनू. तिला दहावीपर्यंत मीच इंग्रजी शिकवलं. ती शिकली, बंगळूरला नोकरीला लागली. "आमची लांब पल्ल्याची गाडी," असं साहेब तिच्याबद्दल सांगायचे, छाती फुगवून.

आपल्या घरांच्या मागे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, हे तुम्हाला सांगायला नको. अंधार पडल्यावर मी अंगणात जाऊ देत नाही म्हणून तुम्ही रुसला होतात. तो बिबट्या एकदा साहेबांच्या दारातून कुत्रा घेऊन गेला. त्यानंतर मनूने अंगणावर कॅमेरा बसवून घेतला. वहिनींना उजाडायच्या आत अंगण झाडायची सवय. मनू बंगळूरहून फोनमध्ये अंगण उघडून बघायची आणि लगेच घरी फोन करायची, "आई, अजून उजाडलं नाही, आत जा!" वहिनी कॅमेऱ्याकडे बघून झाडू उगारायच्या.

साहेबांनी मात्र ते ॲप स्वतःच्या फोनवर कधी घेतलं नाही. "माझं आंगण बघाया मला फोन कशाला? खिडकी हाय ना राव!"

पुढे वहिनींना धाप लागू लागली. मनूने पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. साहेब म्हणाले, गावाकडचा कांदा निघू दे, मग जाऊ. दुसऱ्यांदा वेळ घेतली तेव्हा भावकीत लग्न होतं. मनू फोनवर चिडली, तेव्हा त्यांनी तिलाही तेच सांगितलं, जे स्टँडवर जन्मभर सगळ्यांना सांगितलं होतं. शेवटी वहिनी पुण्याला निघाल्या त्या ॲम्ब्युलन्समधून, आणि वाटेतच गेल्या.

तेराव्याचे पाहुणे पांगले आणि मनूने बॅग उचलली. मी ओसरीवर भांडी मोजून ठेवत होते. तिने आवाज चढवला नाही.

"बाबा, आईची गाडी लेट नव्हती. तुम्ही ती रद्द केलीत."

साहेब खांबाला टेकून उभे होते, तसेच राहिले. ती फाटकाबाहेर गेली तरी त्यांनी मान वर केली नाही. त्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. मनूचा फोन येणंही थांबलं. यांनी केला तर तो वाजून वाजून बंद व्हायचा. काही महिन्यांनी त्यांनीही करायचं सोडलं. मला विचारायचे फक्त, "मॅडम, तुमाला आला व्हता का तिचा?" आणि माझं तोंड बघून स्वतःच म्हणायचे, "असू द्या, असू द्या."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. मुलीने एकदा "बाबा" म्हणावं. दुसरं काही त्यांनी कुणाकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसांत डेपोतल्या एका जुन्या ड्रायव्हरने त्यांच्या फोनमध्ये बस चालवायचा खेळ घालून दिला. तुम्हाला तो ठाऊक आहे. तुम्हीच मला सांगितलंत की त्यात दहा-बारा जण आपापल्या गाड्या एकामागे एक अशा ऑनलाइन चालवतात. साहेबांच्या ताफ्यात कुणी सांगलीचा, कुणी अकोल्याचा, सगळी मिसरूड फुटलेली पोरं, आणि सगळ्यांच्या गाड्यांना एसटीचा लाल रंग. साहेबांना तो लाल दिसत नव्हता, पण आहे म्हटल्यावर त्यांना पुरे होतं. सिग्नलचीही अडचण नव्हती, कारण खेळात सिग्नल कुणी पाळत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडलेल्या माणसाच्या हाती म्हातारपणी स्टिअरिंग आलं.

ते निघायच्या आधी फोनवरच घोषणा करायचे. "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं! जुन्नरवरून सुटणारी गाडी नारायणगाव, मंचर, राजगुरुनगरमार्गे..." पोरं टाळ्या वाजवायची. "काका, एकदा अजून, एकदा अजून!" पाय दुमडून कॉटवर बसलेले साहेब, नाकावर चष्मा, वळण आलं की फोनबरोबर स्वतःही कलणारे. संध्याकाळचा तो एक तास मला भिंतीपलीकडून पुन्हा माणसाचा आवाज ऐकू यायचा.

आणि मग ती गाडी अडकू लागली.

"मॅडम," ते एकदा भिंतीपाशी येऊन म्हणाले, "माझी गाडी चालता चालता गोठती बघा. जागची हलत न्हाई. मंग एकदम उडी मारती आन् फुडच्याच्या टपावर जाऊन बसती. पोरं म्हनत्यात, काका लॅग मारतोय. ह्या लॅगला औशद काय?"

"सारखंच होतं की मधूनच?"

"मधूनच. येरवी लोण्यावानी चालती. सांजच्याला एकदा झटका येतो, थोडा येळ छळतो, मंग आपसूक बरं. आमच्या हिच्या धापंसारखं."

तुम्ही सुट्टीत माझं इंटरनेट दुरुस्त केलंत तेव्हा सांगितलं होतं, "आजी, अंदाज करायचा नाही. एकेक गोष्ट बंद करायची आणि बघायचं." शिस्तीचं काम, मला आवडलं होतं. मी टॅब घेतला आणि त्यांच्याकडे गेले.

राउटर कुठे दिसेना. विचारलं तर त्यांनी फडताळातून स्टीलचा मोठा डबा काढला. पूर्वी त्यात बाजरीचं पीठ असायचं. वायर आत जाण्यापुरतं भोक पाडलेलं, झाकण घट्ट, आणि आत राउटर. त्यावर दसऱ्याचं हळद-कुंकू, जाळीत झेंडूची एक वाळकी पाकळी.

"साहेब, हे काय?"

"उंदीर, मॅडम. वायरी खात्यात. डब्यात कसा निवांत ऱ्हातो बिचारा."

"त्याचा आवाज बाहेर कसा येणार?"

"त्याला आवाज असतोय?"

राउटर डब्यातून काढून भिंतीवर लावला. गाडी एरवी आणखी चांगली पळू लागली, पण संध्याकाळचा झटका तसाच. मग साहेबांचा संशय शेतातल्या मोटारींवर गेला. शेतीची थ्री फेज वीज आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम उचलतात आणि दिवे मिणमिणतात, हे खरं. म्हणून ज्या आठवड्यात थ्री फेज सकाळची होती, त्या आठवड्यात संध्याकाळी आम्ही बघितलं. गाडी अडकलीच. टीव्हीचा डबा बंद केला. तरीही.

टॅबवर घरात जोडलेल्या सगळ्या वस्तूंची नावं दिसत होती. त्यात एक फोन जास्तीचा होता.

"हा कुणाचा?"

त्यांनी देवघराच्या खालचा खण उघडला. वहिनींचा फोन, चार्जिंगला लावलेला. त्यावर अजूनही बायकांच्या गटातून फुलांची चित्रं येत होती, सुप्रभात, शुभ रात्री.

"बंद कराया पायजे का?"

"एका संध्याकाळपुरता."

त्यांनी तो बंद केला आणि हातात धरून बसले. गाडी ठरल्यासारखी अडकली. दोष वहिनींच्या फोनचा नव्हता. साहेबांनी लगेच तो चालू केला, पडदा उजळेपर्यंत बघत राहिले, मग पुन्हा खणात ठेवला. मला वाटतं, त्यांना फार बरं वाटलं.

उरला कॅमेरा. दुसऱ्या दिवशी मी टॅब समोर ठेवून बसले. साहेबांची गाडी पळत होती. कॅमेऱ्याच्या नावापुढचा, तो किती इंटरनेट ओढतो हे दाखवणारा आकडा जवळजवळ शून्यावर होता. मग तो आकडा एकाएकी फुगला आणि त्याच क्षणी साहेब ओरडले, "गोठली!"

फोनमधून पोरं कोकलत होती, "काका, पुढं घ्या! ओ काका, रस्त्यात काय झोपलात!"

मला कारण कळलं होतं. आपल्याही घरी तसंच होतं. तुमचे बाबा तिकडून आपल्या कॅमेऱ्यातून अंगण उघडून बघतात तेव्हा माझा चालू असलेला व्हिडिओ कॉल असाच गोठतो. मी साहेबांना त्यांच्याच भाषेत समजावलं. "तुमच्या घरातून बाहेर जायचा रस्ता अरुंद आहे, घाटासारखा. कॅमेरा एरवी गप्प असतो. पण कुणी दुरून त्याचं चित्र उघडलं की तो ट्रकसारखा घाटात घुसतो. मागे तुमची बस अडकते. चित्र बंद झालं की रस्ता मोकळा."

"आसं."

"म्हणजे आत्ता कुणीतरी तुमचं अंगण बघतंय."

हे मी शिकवण्याच्या सुरात बोलून गेले, आणि बोलल्यावर मला ते ऐकू आलं.

"कोण?" ते म्हणाले.

"ते ॲप कुणाकडे आहे, साहेब?"

पोरांचा ओरडा चालू असलेला फोन त्यांनी कॉटवर पालथा ठेवला. उठले, दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी थांबले. शर्टाचं वरचं बटण लावलं. मग बाहेर जाऊन मोगऱ्यापाशी उभे राहिले. कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. काय करावं हे न सुचल्यासारखे त्यांनी खाली वाकून एक पान उचललं, ते खिशात ठेवलं, आणखी एक उचललं. मी खिडकीतून बघत होते. थोड्या वेळाने आकडा खाली आला.

ते आत आल्यावर मी म्हटलं, "कॅमेऱ्याचं चित्र जरा बारीक करता येतं. मग गाडी अडकायची नाही."

"न्हाई मॅडम. हात लावू नका." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "अडकू द्या."

त्यानंतर साहेब खेळले, पण खेळासाठी नाही. पोरांनी काही दिवस सोसलं, चिडवलं, आणि शेवटी त्यांना ताफ्यातून काढलं. ते एकटेच त्या रस्त्यावर गाडी चालवत राहिले, पण ऑनलाइनच. नाहीतर अडकल्याचं कळणार कसं? संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, केस विंचरायचे, फोन चार्जरला लावून कॉटवर बसायचं. गाडी गोठली की फोन मांडीवरून खाली आणि साहेब अंगणात.

जन्मात कधी झाडाला तांब्याभर पाणी न घातलेला माणूस मोगऱ्याला आळं करू लागला. तारेवरचे कपडे घडी करू लागला. ताप असला की स्वेटर घालून जायचे आणि खोकला आत येईपर्यंत दाबून धरायचे. एकदा मी विचारलं, "वर एकदा बघत का नाही? बघेल तीही तुमच्याकडे."

"तिला कळंल ना, मला म्हाईत हाय म्हून."

"कळू दे की. फोन करा. मी लावून देऊ?"

"न्हाई." त्यांनी माझ्या टॅबवर पंजा ठेवला, जणू मी आत्ताच लावते आहे. "उचलायची न्हाई ती. आन् उचलला, तर मी काय बोलू? आत्ता रागात का व्हईना, बघती तरी. बाबाला कळलं म्हटल्यावर ते बी सोडंल. एवढी एक गाडी चालू हाय, मॅडम. ती बी कशाला बंद पाडता?" मग मला त्यांनी वहिनींची शपथ घातली, मनूला काही सांगायचं नाही म्हणून. शपथेवर माझा विश्वास नाही, पण त्या दोघांच्या मध्ये पडायचा मला हक्क नव्हता. मी गप्प राहिले.

मधूनच एखाद्या दिवशी गाडी अडकायची नाही. त्या दिवशी ती सुरळीत पळायची, घाट चढायची, उतरायची, आणि भिंतीपलीकडून मला नुसता इंजिनाचा आवाज ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी साहेब जेवलेले नसायचे.

उन्हाळा सुरू होताना एका संध्याकाळी माझा फोन वाजला. मनू होती.

"काकू, बाबा आज अंगणात आले नाहीत. जरा बघता का?"

दार नुसतं लोटलेलं होतं. साहेब कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. मांडीवरच्या फोनमध्ये बस रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिचे वायपर चालू होते. मी त्यांच्या हाताला हात लावला. तो गार होता. मग खेळ बंद केला. मनू अजून फोनवरच होती. माझ्या कानाशी तिचा श्वास ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ती आली. सगळं झालं. भावकीतले लोक गेल्यावर ती मला बोलवायला आली आणि आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर बसलो. ती बारीक झाली होती. ती एकदम म्हणाली, "काकू, बाबा रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात कुणाची वाट बघायचे?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मी बघायचे ना, ऑफिसच्या बसची वाट बघताना," ती म्हणाली. "आधी वाटायचं, कसे असतील, म्हणून. बाबा बाहेर यायचे, नटूनथटून. येणारं माणूस कधी दिसलं नाही, त्याआधीच माझी बस यायची. पण कुणीतरी येतंय, हे नक्की होतं. मला इतकं बरं वाटायचं, काकू. वाटायचं, चला, त्यांना कुणीतरी आहे. म्हणून तर मी फोन..." ती थांबली.

शपथ मोडायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "तुझी वाट बघायचे, बाळ."

मग तिला सगळं सांगितलं. पिठाच्या डब्यापासून. गाडी कशी गोठायची, पोरं कशी ओरडायची, ते वर का बघायचे नाहीत. शेवटी तिने पदराने नाही, लहान मुलीसारखं मनगटाने तोंड पुसलं, स्वतःचा फोन काढला, अंगण उघडलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"ते कुठे उभे राहायचे?"

मी बोट दाखवलं. ती अनवाणी उतरली, मोगऱ्यापाशी गेली, पायांखालची जागा नीट बघून उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे सरळ वर बघू लागली. चित्र कुठून कुठून फिरून येतं, त्याला थोडा वेळ लागतो. ती तिथे उभी होती. माझ्या हातातल्या फोनमध्ये मोगरा होता, कपड्यांची तार होती, आणि अंगण अजून रिकामं होतं.